लाडकीचे तेरा पॉइंट

सगळ्यांनी एकदम आकडे दाखवले. प्रदीपचा तीन, वैभवीचाही तीन, भाग्येशचा दोन. लाडकीचा तेरा.

"एका बटणाला तेरा?" प्रदीप हसला.

पालघर पूर्वेला, दाताच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांचं, हितेशभाईंच्या कंपनीचं, ऑफिस. जव्हार-मोखाड्याकडे आश्रमशाळा चालवणाऱ्या एका संस्थेसाठी ते हजेरीचं सॉफ्टवेअर बनवत होते. या पंधरवड्याचं काम होतं : मूल शाळा सोडून गेलं की नाव कमी करायचं बटण. काम जितकं मोठं तितका आकडा, म्हणजे पॉइंट, मोठा, आणि ज्याचा आकडा वेगळा पडेल त्यानं कारण सांगायचं, अशी रीत होती.

"मुलं सोडून जात नाहीत," लाडकी म्हणाली. "दिवाळीनंतर आईबापाबरोबर वीटभट्टीवर जातात. कोणी होळीला परत येतं, कोणी पावसाच्या तोंडावर. नाव कमी केलं की हजेरी, मार्क, सगळं गेलं. परत आल्यावर नवीन विद्यार्थी. चौथीच्या एका वर्षात मीच दोनदा नवीन झाले होते."

"खरंय गं," मीटिंग चालवणारी हेतल म्हणाली, "पण संस्थेच्या मागणीत तसं लिहिलेलं नाही. मधला धरू. पाच."

तीन आणि तेराच्या मधोमध पाच कसे येतात, हे लाडकीला कळलं नाही. काम मात्र तिच्याच नावावर पडलं.

तिनं एका शाळेच्या अधीक्षिकेला, इंदुबाईंना फोन लावला.

"आमची बत्तीस पोरं आता भट्टीवर हाय," इंदुबाई म्हणाल्या. "त्यांची नावं नको काढू बाय. दोघं तर भट्टीजवळच्या शाळेत बसतात. त्यांची हजेरी कुठं लावायची, ते आमाला पण म्हाईत नाय."

रोज सकाळी उभ्या उभ्या होणाऱ्या मीटिंगमध्ये लाडकी "चालू आहे" एवढंच सांगायची. नवव्या दिवशी हेतलनं तिला बाजूला घेतलं.

"पाच पॉइंटला नऊ दिवस?"

"पाच मी म्हटलंच नव्हतं."

"टीमनं म्हटलं."

"मग टीमनं करावं ना!"

हेतलनं लॅपटॉप मिटला. "खरं सांगू? हितेशभाईंनी संस्थेला महिन्यापूर्वीच तारीख दिलीय. तू तीन म्हण नाहीतर तीस, शुक्रवार म्हणजे शुक्रवार."

"मग आकडे दाखवायला आपण दोन तास बसतो कशाला?"

हेतल लॅपटॉप घेऊन निघून गेली. लाडकी जागेवर आली. इतका संताप आला होता, की थोडा वेळ तिला स्क्रीनवरचं वाचताही येईना.

मग तिनं नाव कमी करायचं बटणच काढून टाकलं. त्याऐवजी 'बाहेरगावी' अशी खूण ठेवली. नाव तसंच राहणार होतं. मूल परतल्यावर हजेरी पुढे कशी जोडायची, ते करायला वेळच उरला नाही.

शुक्रवारी काम दाखवायच्या व्हिडिओ कॉलला मालक हितेशभाई स्वतः ऑफिसात येऊन बसले होते, पलीकडे इंदुबाई होत्या.

"बटण कुठंय?" हितेशभाईंनी विचारलं.

"काढलं. मुलांची माहिती पुसण्यापेक्षा नसलेलं बरं."

"पण मागणीत तेच होतं," प्रदीप पुटपुटला.

"नाय नाय, आमाला असंच पायजे. भट्टीवरच्या बत्तीस पोरांची यादी पण धाडलीय मी," इंदुबाई म्हणाल्या. "पण पोरगा परत आला की?"

"पुढच्या शुक्रवारी होऊन जाईल," हितेशभाईंनी लगेच सांगून टाकलं.

लाडकीनं माइक चालू केला. "नाही इंदुबाई. पुढच्या शुक्रवारी होणार नाही. किती दिवस लागतील ते आता मलाही माहीत नाही. सोमवारी बघून सांगते."

हितेशभाईंचा चेहरा उतरला. इंदुबाई म्हणाल्या, "बरं बाय, सोमवारी सांग. पण खरं काय ते सांग."

कॉल संपला. काम अपुरं, म्हणून बोर्डावर त्या पंधरवड्यात लाडकीच्या नावापुढे शून्य लागलं. हितेशभाई तिच्याशी न बोलता निघून गेले. थोड्या वेळानं प्रदीप खुर्ची ओढत तिच्याजवळ आला.

"त्या बत्तीस पोरांची यादी दाखव ना."

"आत्ता सुचलं?" ती तिरसटपणे म्हणाली. तो उठला नाही. तिनं यादी उघडली.