बाबांवर केलेला प्रयोग

आमचे बाबा, कृष्णराव, भिलाई स्टेशनच्या सिग्नल केबिनमध्ये कामाला होते. पोलाद कारखाना उभा राहत होता, मालगाड्यांची रीघ लागलेली असे. शेजारच्या स्टेशनाकडून 'गाडी सोडू का' अशी विचारणा करणारी घंटा आली की बाबा क्षणाचाही विचार न करता उलट घंटा देत. माणसांना मात्र त्यांचं एकच उत्तर असे, "पाहू." आईनं शिवणयंत्र मागितलं तेव्हा मी पहिलीत होते. त्यांचं पाहणं अजून चालूच होतं.

मला नागपूरला जाऊन मानसशास्त्रात एम.ए. करायचं होतं आणि फॉर्मवर बाबांची सही हवी होती. तीन आठवडे मी भांडत होते, ते "पाहू" म्हणत होते. मुदतीला चार दिवस उरले तेव्हा माझं डोकं फिरलं आणि एक युक्ती सुचली.

"बाबा, माह्यं कॉलेजचं प्रॅक्टिकल आहे. मले तुमची मदत पायजे."

बी.ए.चं प्रॅक्टिकल संपून महिना झाला होता, पण खरं बोलून या घरात कोणाचं भलं झालंय?

मी समजावलं. ऐंशी वर्षांपूर्वी जर्मनीत मानसशास्त्राची प्रयोगशाळा निघाली, तिथं हेच चालायचं. ठोका ऐकायचा आणि मनात जे उमटेल ते लगेच सांगायचं. कारण द्यायचं नाही, अर्थ लावायचा नाही.

"अन् याचा त्याइले पगार भेटे?" बाबांनी विचारलं.

मी लोट्यावर चमचा मारला.

"चमचा," बाबा तत्काळ म्हणाले.

"वस्तूचं नाव नाही. मनात काय झालं ते सांगा."

"आवाज. बारीक. मंग कानात गुदगुल्या."

स्वयंपाकघरात आई खुसखुसली. ठोक्यापुढे बाबांचं "पाहू" चालत नव्हतं, गडी बरोबर सापडला होता. मी पुन्हा चमचा मारला आणि हळूच म्हटलं, "नागपूर."

"भेव," बाबा म्हणाले.

मी चपापले. राग, खर्च, लोक काय म्हणतील, सगळ्यांवरची उत्तरं मी पाठ करून ठेवली होती. भीती त्या यादीत नव्हतीच.

"कायचं भेव?"

"कारण सांगाचं नाही, तूच म्हटलं." त्यांनी माझ्या हातातून चमचा काढून घेतला. "आता तू सांग." ठोका पडला. "नागपूर."

"आनंद" म्हणायचं मी ठरवलं होतं. तोंडातून निघालं, "भेव."

बाबांनी चमचा लोट्यात ठेवून दिला.

"आतापावतो तू नुसती भांडून राहिली होती," ते म्हणाले. "मले वाटे, पोरीले काहीच समजून नाही राहिलं. जिले भेव वाटते, ते सांभाळून राहते. आण तो फॉर्म."

सही झाली आणि माझं भेव दुप्पट झालं. फॉर्म फाडून टाकावा असंही क्षणभर मनात आलं. ते मात्र मी बाबांना सांगितलं नाही. सकाळ होताच फॉर्म पोस्टात टाकला.