दुखऱ्या जागेचं नाव

"आत काय संसार मांडलायस का?" थोरल्या बहिणीने बाथरूमचं दार बडवलं.

धाकटीने मिठाच्या कोमट पाण्याची वाटी मोरीत रिकामी केली आणि ओल्या अंगावरच कपडे चढवले. गोदामात फोर्कलिफ्ट चालवणारी, भल्याभल्यांना "बाजूला व्हा!" म्हणून दटावणारी ही बाई, पण घरात चिमूटभर मीठ चोरून वापरत होती. कारण तिने स्तनाग्र टोचून त्यात कडी घालून घेतली होती, आणि थोरलीला ते कळल्यापासून घरात रोज टोमण्यांची सरबत्ती होती.

आज मात्र ताप भरला. स्तन लालबुंद होऊन ठणकू लागला. थोरली तिला दवाखान्यात घेऊन गेली खरी, पण नोंदणीच्या खिडकीवर धडधडीत म्हणाली, "काखेत गळू झालंय."

"ताई! काखेत?"

"हळू बोल. आधी तिकडे बाथरूममध्ये जा आणि ती कडी काढून ये. डॉक्टर काय म्हणतील? माझी अब्रू—"

"तुझी अब्रू माझ्या अंगावर कशाला ठेवलीस? स्वतःजवळ ठेव. मी नाही काढणार!"

आत डॉक्टरबाईंनी हात वर करायला लावला. काख स्वच्छ. "गळू कुठे पळालं?"

थोरली छताचा पंखा न्याहाळू लागली. धाकटीने सरळ बटणं काढली. "इथे आहे, डॉक्टर. टोचलेलं भोक पिकलंय. ताई खोटं बोलली."

डॉक्टरबाईंनी नीट तपासलं. "कडी काढली नाहीत, बरं केलंत. अशात काढली तर भोक वरून मिटतं आणि पू आतच कोंडतो. मग चिरा द्यायची वेळ येते. काढायची झालीच, तर मी सांगेन."

थोरलीचा चेहरा खर्रकन उतरला. तरी म्हणालीच, "पण असले थेर करायचेच कशाला?"

"तुमचे कान टोचलेत ना? ते पिकले तेव्हा गुडघा दुखतोय म्हणून सांगितलंत का?"

धाकटीला तापातही हसू फुटलं.

"हौस तिची, अंग तिचं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण ही जखम वरून बरी दिसली तरी आतून भरायला वर्षही लागतं. मिठाच्या पाण्याने धुवायची, कोरडी ठेवायची, सैल सुती कपडे घालायचे, उगाच हात लावायचा नाही. हे केलं नाहीत?"

"करायचे. पण दार वाजायचं. मग ओलंच झाकायचं, आणि राहून गेलं की स्पिरिट चोळायचं."

"स्पिरिटने भरत आलेली कातडीसुद्धा जळते हो!"

थोरलीने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. दार बडवणारा हात तिचाच होता!

औषधाच्या दुकानात ही गर्दी. दुकानदाराने गोळ्या काढल्या, जखम धुवायचं पाणी काढलं आणि विचारलं, "जखम कुठे आहे? त्या मापाचं गॉझ देतो."

धाकटीने तोंड उघडायच्या आत थोरली खणखणीत आवाजात म्हणाली, "स्तनावर! टोचलेलं भोक पिकलंय. मऊ बघून द्या."

रांगेतल्या माना गर्रकन वळल्या.

"काय झालं?" थोरलीने पदर खोचावा तशा बाह्या सावरल्या. "तुमच्या घरातल्या बायांना नसतात वाटतं?"

माना जागच्या जागी गेल्या.

टोचणं कुणाला आवडेल, कुणाला नाही. तो ज्याच्या त्याच्या अंगाचा प्रश्न. पण धाकटीची जखम चिघळली ती आपल्याच घरात चोरासारखं वागावं लागलं म्हणून. तेव्हा बायांनो, आणि दार बडवणाऱ्या सगळ्यांनो, दुखऱ्या जागेचं नाव घ्यायला शिका. चारचौघांत घ्या, मोठ्याने घ्या! लाज वाटायचीच असेल, तर ती दुसऱ्याला गप्प बसवल्याची वाटू द्या.