शाहआगाचं स्वर्गीय दूध

हेरातच्या डोंगरातल्या त्या गावात सगळेजण मशिदीसमोर लोटले होते. स्वतःला पीर म्हणवणाऱ्या शाहआगाने पाण्याचा प्याला उंच धरला, काहीतरी पुटपुटला आणि बाहीतल्या कुपीतले सोनेरी थेंब त्यात सोडले. नितळ पाणी पांढरंफेक झालं.

"स्वर्गातलं दूध!" तो गरजला. "दूध आटलेल्या आयांनो, पुढे या! शंका घेईल त्याचा वंश बुडेल! नजराण्याची कोकरं त्या खुंट्याला बांधा!"

शहरात सुईणपण शिकून माहेरी आलेली फरोजान गर्दीत शिरली. पुढे तिची धाकटी बहीण गुलअंदाम तान्ह्याला घेऊन उभी होती. बाळाचे ओठ निळसर पडले होते.

"काय पाजलंस याला?"

"आगांचं दूध. ताई, मला येतच नाही गं!"

फरोजानने प्याला हुंगला. गुलाबाच्या अत्तराखाली हिंगाचा भपकारा होता. डोंगरात हिंगाचा चीक गोळा करायच्या या हंगामात गावकऱ्यांचे हात, केस, अंथरुणं सगळं त्याच वासाचं. त्यांना तो कुठला जाणवणार? तिने शाहआगाच्या हातातली कुपी हिसकावली.

"हात झडेल, बाई!"

"झडू दे. आगा, हे दूध आधी तुम्ही प्या."

"माझा उपास आहे."

"आज सकाळीच तर माझ्याकडे पुलाव हाणलास!" एक म्हातारी ओरडली.

फरोजानने दुसरा प्याला मागवून स्वतः थेंब टाकले. तेही पाणी पांढरं झालं. उरलेला अर्क दगडावर ओतून काडी ओढली. भप्पकन जाळ उठला.

"ही कडक दारू आहे. हिंगाचा चीक हिच्यात विरघळतो, पाण्यात विरघळत नाही. पाण्यात पडला की बारीक कण सुटतात आणि ते दुधासारखं दिसतं. हा भामटा लेकरांना दारू आणि हिंग पाजतोय!"

शाहआगा पळायला लागला. पुरुषांनी त्याला धरला. तेवढ्यात माहगुल पुढे आली. हेच दूध पाजलेलं तिचं बाळ गेल्याच आठवड्यात दगावलं होतं.

"मला म्हणाला, तुझी श्रद्धा कमी पडली," ती एवढंच बोलली.

बायांनी खुंट्याची आपापली कोकरं सोडून घेतली.

फरोजानने गुलअंदामला बाळासह मोटारीत बसवून हेरातच्या दवाखान्यात नेलं. बाळ वाचलं. परतल्यावर ती आधी माहगुलकडे गेली, तिला जवळ घेऊन म्हणाली, "तुझी श्रद्धा कमी नव्हती. त्याचं औषध विष होतं."

मग अंगणात जमलेल्या बायांना तिने बजावलं, "हिंग वाळवलेल्या मांसात घाला, म्हाताऱ्यांच्या पोटातल्या वायूवर द्या. तान्ह्याच्या तोंडाला लावू नका. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर पाया पडण्याआधी एवढंच विचारा: कसा केलास?"