तबकडी वाजवणारी दीक्षा

रहिमतपुरात धोंडिरामचा लाऊडस्पीकर लग्नाला, बारशाला, जयंतीला जायचा. कॅसेटी आल्या आणि त्याचा जुना रेकॉर्ड प्लेअर फळीवर पडून राहिला. एकदा तो पुसताना त्याच्या मुलीनं, दीक्षानं, फिरती तबकडी बोटानं मागं ओढली. सुईखालून ढोलकी घासल्यासारखा आवाज निघाला. तिनं पुन्हा ओढली. मग वर्षभर तिला दुसरं काही सुचलं नाही. तबकडी सहज सरकावी म्हणून तिनं खाली गुळगुळीत कागद गोल कापून घातला.

"रेकॉर्डी नासतील गं," धोंडिराम म्हणाला.

"आबा, आता त्या ऐकतंय कोण? मला वाजवू द्या."

१९९६ साली माधवनगरला वाद्यांची स्पर्धा होती. चुलतभाऊ बुद्धभूषण ढोलकी घेऊन आणि दीक्षा प्लेअर घेऊन मंचावर चढले. दुसऱ्याच्या सेटवर धोंडिरामचा भरवसा नव्हता, म्हणून त्यानं स्वतःचा भोंगा, ॲम्प्लिफायर आणि बॅटरी टेम्पोत घालून आणली होती.

संयोजक हंबीरराव प्लेअरकडं बघतच राहिले. "ह्ये काय आणलंस?"

"वाद्य."

"ही मशीन हाय. कळ दाबली की गाणं लागतं. यात तुजं काय? उतर खाली, ढोलकी एकटी वाजू दे."

"आवं साहेब, आधी ऐका तर," दीक्षा म्हणाली.

ती उतरली नाही. तिनं सुई ठेवली. बुद्धभूषणनं थाप दिली, तिनं तबकडीवरून त्या थापेला उत्तर दिलं. मंडपातली कुजबुज थांबली. हंबीररावांनी चिडून मांडववाल्याला खूण केली आणि त्यानं मंचाची वीज तोडली.

प्लेअरची मोटार बंद पडली. तबकडी थांबली. मागं कुणीतरी हसलं. बुद्धभूषणनं ढोलकीवरचा हात उचलला.

"थांबू नगंस," ती म्हणाली.

ॲम्प्लिफायर बॅटरीवर चालूच होता. तिनं बोट टेकवून तबकडी स्वतःच फिरवायला घेतली. मागं, पुढं, अर्धा फेरा, झटका. मोटारीची ठरलेली चाल सुटली तसा आवाज तिच्या मर्जीनं जाड-बारीक होऊ लागला. भोंगा कधी गुरगुरायचा, कधी किंचाळायचा. आता ढोलकीच तिच्या मागं धावत होती.

शेवटची थाप पडली तेव्हा बायकांच्या बाजूनं आधी टाळ्या आल्या, मग सगळीकडून.

"आता सांगा साहेब," दीक्षा म्हणाली, "कुठली कळ दाबली मी?"

हंबीररावांनी तिला नंबर दिला नाही. परतीच्या टेम्पोत धोंडिराम प्लेअर मांडीवर घेऊन बसला होता. "लय वाजवलंस," एवढंच तो म्हणाला.

पुढच्या वर्षी स्पर्धेच्या पत्रकात नवा नियम होता: माईक-भोंगा लावता येईल, पण विजेवर चालणारं वाद्य चालणार नाही. दीक्षानं तो दोनदा वाचला. मग स्क्रू ड्रायव्हर घेतला, प्लेअरची मोटार काढून आबाच्या हातात दिली आणि अर्ज भरायला बसली.