अभ्यासातला पाय

"आबा घरी नाहीत, गडावर गेले," त्यांचा मुलगा ललित फोनवर म्हणाला.

"कशाने गेले?"

"पायी. देवीची चैत्राची यात्रा आहे ना, सिस्टर. आमच्या गावाहून दरसाल जातात."

हातातला चहा मी टेबलावर ठेवला. एवढा आपटून ठेवला की समोरच्या रुग्णाने पाय आखडून घेतला. मी फक्त त्यांची पुढच्या तपासणीची वेळ नक्की करायला फोन केला होता.

मी धुळ्यात एका दवाखान्यात मधुमेही लोकांच्या पायाच्या जखमा सांभाळते. पुण्याच्या एका कंपनीने जखम भरायचं नवं जेल काढलंय, त्याचा अभ्यास आमच्याकडे चाललाय. कुणाच्या नळीत खरं औषध आणि कुणाच्या नळीत साधं जेल, हे आम्हालाही कळू देत नाहीत. आम्ही जखम धुवायची, जेल लावायचं, फोटो काढायचा आणि रुग्णाला दटावायचं. हे शेवटचं काम माझं. दवाखान्यात सगळे म्हणतात की पुनमला त्यासाठी वेगळा पगार द्यायला हवा.

निंबा आबा पारोळ्याच्या बाजूचे, साठी ओलांडलेले. उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी, बोटाचं पेर बुडेल एवढं भोक घेऊन आले होते. जळगावच्या एका डॉक्टरांनी गुडघ्याखाली कापायचं सांगितलं म्हणून घाबरून आमच्याकडे आले. नशीब बघा, भोक भरत गेलं. गेल्या आठवड्यात आमच्या डॉक्टरांनी, नवीन सरांनी, दिव्याखाली पाय धरून पाहिला आणि म्हणाले, "बंद झाली." त्यांच्या बायकोने, ताईबाई अक्कांनी, हात जोडले. आम्हाला नाही, वर छताकडे बघून.

पण अभ्यासाचा नियम असा, की जखम एकदा बंद झाली म्हणजे बरी झाली असं धरायचं नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा बघायचं आणि तेव्हाही बंद असली तरच बरी म्हणायचं. नियम शहाण्या माणसाने केलेला आहे. ती नवी कातडी म्हणजे दुधावरची साय असते, फुंकर मारली तरी सुरकुतते. पुन्हा फाटली तर जळगावच्या डॉक्टरांचं खरं व्हायचं, हे नवीन सरांनी आबांना तोंडावर सांगितलं होतं. मीही आबांना उजव्या पायावर हात ठेवून बजावलं होतं, "हा पाय जमिनीला टेकवायचा नाही. आम्ही दिलेला बूट घातल्याशिवाय संडासलासुद्धा जायचं नाही." त्यांच्याकडून वदवून घेतलं होतं, दोनदा.

"बूट घालून गेलेत ना?" मी ललितला विचारलं.

"आईचा नवस आहे, सिस्टर. पाय वाचला तर आबांना अनवाणी गडावर आणीन म्हणून. मी नाही म्हणालो होतो. माझं कोण ऐकतं?"

"फोन लाव त्यांना."

"मोबाईल घरीच ठेवलाय. काल पहाटे निघालेत. रात्री धुळ्यातच मुक्काम होता."

धुळ्यातच. म्हणजे हा माणूस माझ्या दवाखान्यावरून चालत गेला होता. मला असा राग आला की रडूच यायला लागलं. आबांचा राग, अक्कांचा राग, आणि खरं सांगायचं तर त्या देवीचाही. पट्ट्या मी बदलायच्या, वास मी सोसायचा, आणि फेड कुणाची करायची तर तिची.

ललित धुळ्यातच एका गॅरेजात कामाला आहे. तो मोटरसायकल घेऊन दारात आला तेव्हा सव्वादहा झाले होते. पिशवीत पट्ट्या आणि सलाईनच्या बाटल्या कोंबून मी मागे बसले. नवीन सर म्हणाले, "डांबर तापायच्या आत गाठ त्यांना." तापायचं काय राहिलं होतं? चैत्रातलं धुळं ते.

लळिंगचा घाट लागला. रस्त्याच्या कडेने भगवे झेंडे, ट्रॅक्टरवर देवीचा फोटो आणि त्याच्यासमोर दणदणणारे भोंगे. प्रत्येक घोळक्यापाशी ललित गाडी हळू करायचा आणि मी ओरडून विचारायचे, "पारोळ्याकडचे कुठे आहेत?" हे अमळनेरचे, ते शिरपूरचे, पलीकडचे चोपड्याचे. मी तोंडं बघतच नव्हते, पायच बघत होते. कुणाच्या पायात चपला, कुणाच्या पायाला फडकी बांधलेली, बरेच अनवाणी. पण त्यांना चटका कळत होता. डांबर पोळलं की ते टुणकन बाजूच्या मातीत उतरत होते. आबांना कोण उतरवणार? स्पर्श कळतो का ते बघायला त्यांच्या तळव्याला मी नायलॉनचा दोरा टोचून बघितला होता. डोळे मिटायला लावले की मी दोरा लावायच्या आधीच "कळस, कळस", म्हणजे कळतंय, कळतंय, म्हणायचे, मला बरं वाटावं म्हणून.

घाट उतरल्यावर एका बाईने सांगितलं, "पारोळानी दिंडी पुढे गयी. त्यामा एक बाबा लंगडत व्हता, त्याले मांगेच बसाडेल शे."

"कुठे?"

तिने मागच्या दिशेला हात केला. मागच्या दिशेने तर आम्ही आलो होतो. रस्त्यात कुणी बसलेलं दिसलं नव्हतं. ललितने गाडी वळवली आणि आम्ही पुन्हा घाटाच्या तोंडापर्यंत गेलो. एका झाडाखाली रसवंतीवाला होता. तो म्हणाला, "एका म्हाताऱ्याला आत्ताच गाडीत टाकून धुळ्याला नेलं. चक्कर आली त्याला."

"कसा होता? उंच? पांढरी टोपी?"

"टोपी सगळ्यांनाच असते, ताई."

ललितने कपाळ पुसलं. दवाखान्यात फोन लावला तर तिथे कुणी आलेलं नव्हतं. मोठ्या सरकारी रुग्णालयात कुणाला विचारायचं आणि काय सांगून विचारायचं? परत धुळ्याला जावं तर आबा पुढे चालत असतील, पुढे जावं तर ते मागे कुठल्या तरी खाटेवर पडलेले असतील. "पुढे," मी म्हटलं. का म्हटलं ते माझं मलाच माहीत नाही. बहुतेक एवढ्यासाठीच, की निंबा आबा चक्कर येऊन पडणाऱ्यातले नव्हते. गुपचूप सोसणाऱ्यातले होते.

आर्वी मागे पडलं. त्याच्या पुढे एका निंबाच्या सावलीत पाण्याचा टँकर उभा होता आणि भोवती वीस-पंचवीस माणसं. ललितने गाडी थांबायच्या आधीच "आई!" म्हणून हाक मारली. ताईबाई अक्का तांब्या घेऊन उभ्या होत्या. आणि त्यांच्या मागून, रस्त्यावरून, उन्हातून आबा येत होते. हळूहळू, एका बाजूला कलत. मी पायांकडे बघितलं.

उजव्या पायात आमचा बूट होता.

पट्टे नीट आवळलेले, वर धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकची पिशवीसुद्धा बांधलेली. मी हसायला लागले, रस्त्यात उभी राहून, वेड्यासारखी. ललित तर खालीच बसला.

"इतला उन्हमा कसाले उनात, सिस्टर?" आबा म्हणाले.

"तुमच्या पाया पडायला," मी म्हटलं. "बसा तिथे, आणि पाय दाखवा."

ते टँकरच्या चाकाला टेकून बसले. मी पिशवी सोडली, पट्टे काढले, मोजा हलकेच उतरवला. तळवा कोरडा होता. सायीसारखी ती कातडी जागच्या जागी, गुलाबी, अखंड. मी बोटाने दाबून बघितली. कुठे पाणी नाही, कुठे लाली नाही. मला त्या म्हाताऱ्याला मिठी मारावीशी वाटली.

"मग नवस?" मी अक्कांना विचारलं. "अनवाणी बोलला होतात ना?"

अक्कांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडी लबाडी दिसली. तोड त्यांनीच काढली होती. "एक पाय तुमना, एक पाय मायना," देवीच्या गडाच्या दिशेने हात जोडत त्या म्हणाल्या. "तुम्हीच सांगेल व्हतं ना, हाऊ पाय भुईले लागू देवाना नही. तो लागू दिन्हा नही. दुसरा पायवर मायनी वाट चालनी."

मला कळायला एक क्षण लागला. मग मी डावा पाय बघितला.

तो त्यांनी मांडीखाली दुमडून घेतला होता. मी तो बाहेर ओढला. तळवा डांबराने काळा झाला होता. बोटांच्या खाली सगळी कातडी सुटून पुढे लोंबत होती, टाचेवर पांढरा फोड लिंबाएवढा फुगला होता, आणि मधल्या बोटाच्या मुळाशी एक खडा आत रुतून बसला होता. बुटाच्या उंच तळामुळे त्यांचा सगळा भार कालपासून या पायावर पडत होता. हा पायही तितकाच बधिर. दोरा मी दोन्ही पायांना टोचला होता. बजावलं मात्र एकाच पायाबद्दल.

मी खडा काढला. आबांनी पापणीसुद्धा हलवली नाही.

"देखा," ते सगळ्यांना म्हणाले, "माले काहीच दुखस नही. मायनी किरपा."

भोवतीच्या माणसांनी हात जोडले. मी सलाईनची बाटली फोडली आणि धुवायला लागले. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाला दटावू शकले नाही.

त्यांना एका पिकअपमध्ये घालून धुळ्याला आणलं. तिसऱ्या दिवशी ताप आला, पाचव्या दिवशी पायाला वास यायला लागला. नवीन सरांनी डाव्या पायाची तीन बोटं काढली आणि म्हणाले, अजून सांगता येत नाही. घोट्यापर्यंत लाली होती. रोज सकाळी मी ती किती वर चढली ते बघायचे आणि अक्का माझं तोंड बघायच्या.

उजव्या पायाची जखम बंद होऊन दोन आठवडे झाले त्या दिवशी कंपनीचा माणूस पुण्याहून आला. स्वच्छ कपडे, बोलायला गोड. त्याने आबांचा उजवा पाय उचलून दिव्याखाली धरला, मोजपट्टी लावली, फोटो काढला, नवीन सरांनी बघितलं. जखम बंदच होती.

"अभिनंदन, आबा," तो म्हणाला. "पाय पूर्ण बरा झाला. आमच्या अभ्यासातला हा फार चांगला निकाल आहे."

आबा हसले. ताप होता, तरी हसले.

अक्कांनी पलंगाच्या दुसऱ्या बाजूची चादर उचलली. "आनि हाऊ पाय?"

त्याने बघितलं आणि लगेच नजर वळवली. वाईट माणूस नव्हता तो. "तो अभ्यासात नाही ना, आजी," तो हळू आवाजात म्हणाला.

मला त्याचा राग आला नाही. दहा-बारा आठवडे मीही तेच म्हणत आले होते, फक्त हे शब्द वापरले नव्हते.

अक्कांनी त्याच्याकडे बघितलं, मग नवीन सरांकडे, मग माझ्याकडे. "हाऊ पाय तुमना नही, मायले दिन्हा तर तिनी बी लिन्हा नही," त्या म्हणाल्या. "मंग तो कोना शे?"

नवीन सर खिडकीबाहेर बघत राहिले. कंपनीच्या माणसाने मोजपट्टी घडी करून खिशात घातली. मी खुर्ची पलंगाच्या डाव्या अंगाला ओढली आणि पट्टी सोडायला घेतली.