झाहोरोदनीतला ह

ओस्ताप झाहोरोदनी आठवडाभर दवाखान्यात पडून होता. रविवारी पहाटे तो गेला. मंगळवारी त्याची बायको यारिना इंग्लंडमधल्या कीथलीच्या नोंदणी कचेरीत मृत्यूची नोंद करायला एकटीच गेली. लेव, तिचा दीर, सोबत येतो म्हणाला होता. ती नको म्हणाली. सोबत हवी असंही तिला वाटत नव्हतं, नको असंही नाही.

कचेरीतल्या थ्वेटबाईंनी विचारलं त्याची तिने उत्तरं दिली. जन्मगाव, धंदा, वय. कागद मागितले तेव्हा पिशवीत सर्वात वर होतं ते नवऱ्याचं राहण्याच्या परवान्याचं जुनं कार्ड तिने पुढे सरकवलं. बाईंनी नोंद छापून दिली आणि म्हणाल्या, "अक्षर न् अक्षर तपासा हं. सही झाली की बदलणं अवघड जातं."

यारिनाने दोनदा वाचलं आणि सही केली.

घरी लेवने दाखला हातात घेतला न घेतला, तोच त्याचा चेहरा बदलला.

"हे काय? झागोरोदनी? ग?"

"काय झालं?"

"काय झालं म्हणून काय विचारतेस! ग मॉस्कोवाल्यांचा. आपला युक्रेनी ह. जुन्या पासपोर्टावर कचेरीवाल्यांनी रशियन उच्चारावरून इंग्रजी नाव लिहिलं, तिथून तो कार्डावर आला. नवा पासपोर्ट करून ओस्तापने तो ह परत मिळवला होता. तू वाचलं नाहीस?"

"वाचलं. दिसलं नाही."

लेवने दाखला टेबलावर ठेवला. गिरणीतला मुकादम ओस्तापला 'झॅग' म्हणायचा, तेव्हा लेवचंच डोकं फिरायचं. ओस्ताप हसून म्हणायचा, "हाक मारली की वळतो ना मी? मग झालं तर!" पण तोच ओस्ताप नव्या पासपोर्टासाठी लंडनला तीन खेपा घालून आला होता, हे यारिनाला माहीत होतं. आठवलं, पण आतून काही हललं नाही.

शुक्रवारी ती ओस्तापचे जुना-नवा दोन्ही पासपोर्ट आणि स्वतःचा घेऊन पुन्हा गेली. थ्वेटबाईंनी चष्मा वर केला.

"इथे ग, इथे ह. आणि तुमच्या पासपोर्टावर तर शेवटच वेगळा. झाहोरोदन्या? मग तुम्ही त्यांच्या कोण?"

"बायको. आमच्यात बाईचं आडनाव शेवटी बदलतं."

"असं होय! मग यातलं खरं कोणतं?"

"नवं."

"ते स्वतः कसं म्हणायचे हो? तुम्ही म्हणून दाखवा, म्हणजे मलाही नीट म्हणता येईल."

रविवारपासून तिने ते नाव उच्चारलं नव्हतं. लोकच म्हणत होते, ती मान हलवत होती.

"झाहोरोदनी."

"झाकोरोदनी."

"क नाही. ह. घशातून, श्वास सोडल्यासारखा."

"झा... होरोदनी."

"हो. असंच."

बाईंनी आणखी एकदा म्हटलं, स्वतःशीच, आणि लिहायला घेतलं. खोडता येत नाही, त्या म्हणाल्या. मूळ नोंद तशीच राहील आणि बाजूला दुरुस्ती लिहिली जाईल. मंजुरीला पंधरा दिवस लागतील. मग नवा दाखला.

पंधराचे वीस झाले. तोवर ओस्तापला पुरलंही होतं. दाखला आला तेव्हा लेव जेवायला आला होता. समासातली ओळ त्याने बोट ठेवून वाचली, ह पाशी बोट थांबलं, आणि हा आडदांड माणूस टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडू लागला.

यारिनाने त्याच्या कोपराखालची बीटच्या सुपाची ताटली बाजूला घेतली. आपल्यालाही रडू येईल म्हणून ती थोडा वेळ उभी राहिली. काही आलं नाही.

"लेव," ती म्हणाली, "बोर्श्च निवतंय."

आणि ती पाव कापायला लागली.