हनुवटीखालची रेघ

"हातावर लावून न्हाय कळत. हनुवटीखाली बघायचं. तोंड आणि मान, दोन्हीशी जुळलं तरच ती आपली शेड," असं म्हणत मंगळवार पेठेतल्या दुकानातल्या मोनानं माझ्या नातीच्या जबड्यावर फाउंडेशनच्या तीन रेघा ओढल्या.

संयोगिताचं लग्न तोंडावर आलं होतं. ती माझ्यावर गेली आहे, सावळी. माझ्या थोरल्या जाऊबाई, आक्का, आरशासमोरच्या स्टुलावर ऐसपैस बसल्या होत्या.

"ती उजळ घे की ग," आक्का म्हणाल्या. "फोटोत उठून दिसशील."

"आणि मान कुठं ठेवू, आक्काआज्जी? घरात?"

मोना फसकन हसली. संयोगितानं मातकट रेघ निवडली आणि आरशात बघून चक्क खूश झाली. मला तिचा हेवा वाटला. सख्ख्या नातीचा. हे उत्तर मला तेव्हा का सुचलं नाही?

आम्हा जावांची लग्नं एकाच मांडवात झाली. दुसऱ्या दिवशी पूजेला बसताना आईनं माझ्या तोंडावर पावडर थापली. मान तशीच राहिली. सगळ्या बायकांत, अंगणाच्या पलीकडून आक्का म्हणाल्या, "धोंडुबाई, मान कुणाची उसनी आणलीस ग?" त्यांना पावडरीची गरजच नव्हती. चुलीपुढं बसल्या की त्यांचे गाल लाल व्हायचे. मी नुसती घामेजायचे. आमच्या ह्यांनी "वहिनी, जरा पाणी द्या" म्हटलं तरी माझा घास अडकायचा. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक फोटोत आक्का मधे आणि मी टोकाला.

"आता तुमी दोघी," संयोगिता म्हणाली. "लग्नात माझ्या दोन्ही बाजूला उभारायचं हाय. टोकाला पळायचं न्हाय, आज्जी."

मोनानं माझ्या हनुवटीखाली रेघ ओढली, बोटानं पसरली. ती दिसेनाशी झाली.

"घावली की! पहिल्या झटक्यात!"

"बघू." आक्कांनी चष्मा सावरला, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. "कुठं लावलंस ग, पोरी? मला तर काय दिसंना."

अंगणाच्या पलीकडून माझी पावडर हेरणारी बाई आज वीतभरावरून शोधत होती. मी हललेसुद्धा नाही. शोधू दे, म्हटलं.

मग त्यांची पाळी आली. वयानं गालांवर वांग पसरलेले. कपाळ एका रंगाचं, मान दुसऱ्या. मोनानं एक रेघ ओढली, दुसरी ओढली, मग तिसरी. एक पांढरी फटक दिसायची, दुसरी काळवंडायची.

"दोन मिसळून बघूया," मोना हळूच म्हणाली.

आक्का आरशात बघत राहिल्या. "धोंडुबाईला बरी लगीच घावली."

आवाजातली ती धार मी ओळखली. जन्मभर ती माझ्या घशात होती.

याच क्षणाची मी किती वाट बघितली होती. 'मान कुणाची?' अगदी जिभेवर आलं. पण पट्टेरी गाल घेऊन आक्का बसल्या होत्या, आणि नुकत्याच आत आलेल्या दोन पोरी त्यांच्याकडं बघून एकमेकींना कोपर मारत होत्या.

मी बाटलीतल्या पाण्यानं पदराचं टोक ओलं केलं आणि त्यांच्या गालांवरच्या रेघा एकेक करून पुसल्या. आक्कांनी डोळे मिटून तोंड पुढं केलं.

माझी रेघ मात्र मी पुसली नाही. रिक्षात घरापर्यंत मी हनुवटी जरा वर धरूनच बसले, पदर लागू नये म्हणून.